जोत्याखालचं पाणी

केजच्या बैलबाजारात मला फसवील असा माणूस त्या काळी नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ज्यांनी प्रयत्न केले त्यांच्यापैकी जे हयात असतील त्यांना विचारावं. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. बाप जन्मभर मेंढरांमागे हिंडला, थोरल्या भावानेही तेच केलं. मी मात्र मिसरूड फुटायच्या आधीच काठी टाकली आणि बाजार धरला. आधी दुसऱ्याचे बैल धरून उभा राहायचो, मग दुसऱ्याच्या वतीने भाव करायला लागलो, आणि पुढे स्वतःचाच दलाल झालो. कुठल्या बैलाचा खूर पावसात उकलतो, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कुणाशी गोड बोलावं, मोगलाईतलं जनावर इंग्रजी हद्दीत कधी न्यावं, हे मला कुणी शिकवलं नाही. लाथा खाऊन शिकलो. काही बैलांच्या, बहुतेक माणसांच्या.

बैलाचा भाव आमच्यात तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा हातावर उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. कुठली बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून आकडा कळतो. भोवती बाजार लोटला असला तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. उपरण्याखाली ठरलेलं पुढे कुणापाशी बोलायचं नाही, आणि मोडायचं तर मुळीच नाही. तसं मोडणाऱ्याच्या हाताला पुढच्या बाजारी कुणी हात लावत नाही.

माझ्या भावाने मला फसवलं ते असंच, कापडाखाली.

बाप गेल्यावर वाटणी निघाली. आमचं जुनं घर पांढरीवर, म्हणजे गाव जिथे वसलं आहे त्या उंच पांढऱ्या मातीच्या टेकाडावर. त्याच्या मागच्या अंगाने उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याशी, बाजाराच्या वाटेला लागून, आमचाच एक मोकळा तुकडा होता. उन्हाळ्यात तिथे मेंढरं बसायची. पावसाळ्यात ती तिथे का बसवत नाहीत हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण मी बाजारात असायचो. मला तो तुकडा हवा होता. येणाराजाणारा प्रत्येक माणूस माझं घर बघत जाईल अशी ती जागा होती. भाऊ म्हणाला, "घे. जुन्या घरातला तुझा हिस्सा मला सोड, अन् वरून मेंढरं घेऊन जा." किती मेंढरं, एवढंच ठरायचं होतं. पंच बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्याने स्वतःचं घोंगडं हातावर टाकलं आणि म्हणाला, "तोंडानं नको. तुझ्या रीतीनं करू."

लोक हसले. ज्याने बापाला विचारल्याशिवाय एक बकरी विकली नव्हती, तो माझ्याशी बोटांनी भाव करणार! मी घोंगड्याखाली हात घातला आणि माझा आकडा धरला. त्याने माझी बोटं सोडवली, आणि मी मागितली होती त्याहून जास्त मेंढरं दिली.

मागितल्यापेक्षा जास्त देणारा एक तर खुळा असतो, नाही तर त्याचा माल खोटा असतो. मी भावाला खुळा धरलं.

मेंढरं विकून मी घर बांधलं. कमरेएवढं दगडी जोतं, जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि पांढऱ्या मातीचं धाबं. गावात नवं घर म्हणावं असं ते एकच होतं. बायकोने भुई सारवली तेव्हा ती नुसती हाताने नाही, सगळ्या अंगाने सारवत होती. तिची सासूच्या आणि जावेच्या हाताखाली बरीच वर्षं गेली होती, आणि आता चूल तिची होती.

आषाढ गेला, श्रावण गेला. भादव्यात झड लागली आणि एका सकाळी तिने मला आतून हाक मारली.

"अवो, हिकडं या जरा. जात्याखाली तुमी पाणी वतलंय का?"

"मी कावून वतू? अन् आनखी कोण हाय घरात?"

"मंग भुईला घाम कावून आलाय?"

तिने जातं बाजूला ओढलं होतं. खालची भुई काळीभोर झाली होती. मी बोट रोवलं तर ते शेणात जावं तसं आत गेलं. कोपऱ्यातल्या कणगीत हात घातला, तर तळाचा जोंधळा कोमट लागला, आणि वर काढला तेव्हा त्याला पांढरे कोंब होते.  ऊन पडेल त्या दिवशी ती धाब्यावर जोंधळा पसरायला चढायची. तिला सहावा महिना होता आणि मी तिला शिडी चढू नको म्हणायचो. मग मीच चढायचो. पण खाली ती ओल्या भुईवर बसूनच भाकरी थापायची. तिला खोकला लागला, पाय सुजले. दसऱ्याच्या आत सासरे येऊन तिला वडवणीकडच्या तिच्या माहेरी घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीतच आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

मार्गशीर्षात मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी साडीचोळी घेऊन आणायला गेलो. सासरे म्हणाले, "पावणं, आधी मी येऊन बघतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जावयाचं घर बघायला सासरा येतो ते लग्नाच्या आधी, पोर झाल्यावर नाही. पण त्यांच्या घरात ओरडता येईना. बायको आत बाजेवर होती, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी होती, आणि तिच्या कुशीत काहीतरी लालसर हलत होतं.

सासरे आले. ते जुन्या वळणाचे मेंढके. कुठेही मेंढरं बसवायची तर आधी स्वतः त्या जागेवर घोंगडं अंथरून निजायचं, सकाळी ते उलटं करून बघायचं, कोरडं असेल तर कळप बसवायचा, दमट असेल तर पुढे चालायचं. ओलीत बसलं की मेंढराचे खूर सडतात. त्यांनी माझ्या घराच्या मधल्या खणात घोंगडं अंथरलं. पौष महिना, आभाळ स्वच्छ, महिन्याभरात पावसाचा थेंब नव्हता. सकाळी उठून त्यांनी घोंगड्याची खालची बाजू गालाला लावली आणि ते माझ्या हातात दिलं. मी गालाला लावलं नाही. हाताला कळलं होतं.

"मेंढरू बसवायच्या लायकीची न्हाई ही जागा, पावणं," ते म्हणाले. "तिथं बाळंतीण कशी बसवू?"

"मंग काय, लेक जन्मभर ठेवून घेता का?"

"भुई कोरडी करा. करा अन् सांगावा धाडा. त्या दिवशी मी सोता आणून सोडतो."

एवढंच. रागावले नाहीत, भाकरी खाल्ली, गेले. रागावले असते तर मला बरं पडलं असतं. भांडणाऱ्या माणसाला मी कुठेतरी गाठतो. हा माणूस भाव करायलाच बसला नाही.

त्या उन्हाळ्यात मी सगळी भुई खणून काढली. खाली दगड, त्यावर मुरूम, मुरुमावर राख आणि चुना, वर पांढरी माती. धुमस घेऊन मी ती इतकी चोपली की तळहाताची कातडी निघाली. दिवसभर बाजार, संध्याकाळी धुमस. भाकरी मीच भाजायचो, एका बाजूने कच्ची. घरात दुसरं माणूस नसलं की धुमसाचा आवाज फार मोठा वाटतो. थांबलो की काहीच नसायचं. कधी कधी मी बैलाशी बोलावं तसा त्या भुईशी बोलायचो. शिव्याच जास्त असायच्या.

पुन्हा आषाढ-श्रावणात भुई कोरडी राहिली. मी सांगावा धाडला. सासरे भादव्यात आले, निजले, उठले, घोंगडं उलटं केलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी ते घडी करून खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "लेकरू आता रांगाय लागलंय." आणि वाटेला लागले.

गावाला आणि बाजाराला या गोष्टी कळायच्या राहत नाहीत. एक गडी म्हणाला, "काय बे, ईहीर इकत घेतली म्हणं, अन् वर घर फुकट मिळालं?" दुसरा म्हणाला, "घर फुकट, पर बायको न्हाई मिळाली." पहिल्यावर मी हसलो. दुसऱ्याच्या कानशिलात अशी दिली की त्याचं पागोटं बैलाच्या पायात गेलं. त्यानंतर माझ्यासमोर कुणी बोललं नाही. माझ्यामागे बोलायला मीच त्यांना विषय दिला होता. पण खरी आग ती नव्हती. बायकोवरून बोलत होते ते एक वेळ चालेल. पण मला, माझ्यासारख्या माणसाला, ज्याने आयुष्यात एक मोठा भाव केला नाही अशा भावाने गंडवलं होतं, आणि तेही कापडाखाली, जिथे साक्षीदार नसतो. म्हणून मग मी ते उघड बोलायला लागलो. प्रत्येक बाजारात, प्रत्येक पालाशी. सख्ख्या भावाने पाण्यावरची जागा माथी मारली, असं सांगायचो. जे खरं आहे ते सांगण्यात चोरी कसली?

पाणी कुठून येतं हे बघायला शेवटी मी मधल्या खणात खड्डा घेतला. हातभर खाली मुरूम लागला, आणि त्या मुरुमातून, वरच्या अंगाने, पांढरीच्या बाजूने, पाणी झिरपत होतं. दुसऱ्या दिवशी खड्डा अर्धा भरला होता. मी ओणवा होऊन ओंजळ घेतली आणि वास आला. आंबूस, कुजक्या जोंधळ्याचा. माझ्या कणगीतला जोंधळा तर मी केव्हाच हलवला होता. हा वास दुसराच होता आणि माझ्या ओळखीचा होता. हा पेवाचा वास होता.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी, पोटात मोठी आणि तोंडाला माणूस जेमतेम उतरेल एवढी. तोंडावर फरशी ठेवून वर माती लोटली की जोंधळा त्यात वर्षानुवर्षं राहतो. जुन्या घराच्या अंगणात आमचं पेव होतं. लहानपणी तळाचं धान्य भरून द्यायला मलाच आत सोडत, आणि तो वास नाकात घेऊनच मी वर यायचो. वाटणीनंतर भावाने पेव भरलंच नव्हतं.

मी उतार चढून वर गेलो आणि कुडाच्या फटीतून अंगण बघितलं. पेवाच्या तोंडावरची फरशी खचली होती आणि भोवती खळगा पडला होता. धाब्याच्या दोन्ही पन्हाळी नेमक्या त्या खळग्यात उतरत होत्या. वहिनी भांडी घासून पाणी तिथेच ओतत होती. सगळ्या पावसाळ्याचं पाणी ते पेव गिळत होतं आणि मुरुमातून सावकाश माझ्या जोत्याखाली आणून सोडत होतं, पार पौषापर्यंत.

वाटणीपासून मी त्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं. भाऊ ओसरीच्या पायरीवर बसून लोकर कातत होता.

मी म्हणालो, "दादा, पेव बुजव."

त्याने मान वर केली नाही. "कोण बोलतंय? बाजारातला दलाल का माजा भाऊ?"

"ज्याच्या घरात तुज्या अंगणाचं पाणी शिरलंय त्यो बोलतोय."

"शिरलंय व्हय? मला वाटलं तू इकत घेतलंस. लोकं तसंच म्हणत्यात."

"जागा वली हाय हे तुला ठावं व्हतं."

"मेंढरालाबी ठावं व्हतं. तू इचारलं न्हाईस."

"तू सांगितलं न्हाईस!"

"अन् तू सांगतोस का बे, बैल इकताना? की ह्येचा खूर उकलतो म्हणून?"

"बैल मी परक्याला इकतो," मी ओरडलो. "भावाला न्हाई इकत!"

वहिनी पदर सावरून आत गेली. भावाने लोकर खाली ठेवली. आता तो माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं होतं तसा तो हसत नव्हता. तो थकलेला दिसत होता.

"पेव आज बुजवतो," तो म्हणाला. "आत्ता बुजवतो. पर तू माजं नाव बुजवलंस त्याचं काय? बाजारा-बाजारात सांगत हिंडतोस, ह्यानं सख्ख्या भावाला बुडवलं. माजी लोकर कुणी इस्वासानं घेईना. पोरीला सोयरीक सांगून आलेला माणूस माघारी गेला. तू येऊन चार माणसांत म्हण, दादानं फसवलं न्हाई. केजला म्हण, जिथं उलटं बोललास तिथं."

"खोटं बोलू?"

 मग शेजारचं घोंगडं त्याने ओढलं, उजव्या हातावर टाकलं आणि हात पुढे केला.

"बरं, चार माणसांत नको. हितं ये. नुसतं बोट दे. खाली बोटानं हो म्हण, कुणाला दिसणार न्हाई. मी तेवढंबी धरतो."

मी त्या घोंगड्याकडे बघत उभा राहिलो. ज्यांनी बाजार केलेला नाही त्यांना वाटेल, एक बोट द्यायला काय जातं? बायको घरी आली असती, मुलगी आली असती. पण बाजारात ओरडून बोललेला शब्द फिरवता येतो, कापडाखाली दिलेला नाही. मी हो म्हणून बोट दिलं असतं तर ते जन्मभरासाठी खरं झालं असतं. माझ्यापुरतं तरी झालं असतं. खोटा माल मी कमी भावात घेईन, पण त्याला खरा म्हणणार नाही. मी म्हणालो, "एकदा तुज्या घोंगड्याखाली हात घातला, तेवढं पुरं झालं." आणि निघालो. मागून तो काही म्हणाला. मी ऐकलं नाही.

अडून बसलेल्या बैलाला समोरून ढकलायचं नसतं. त्याला दुसरी वाट उघडून द्यायची असते. पाण्याचंही मी तसंच करायचं ठरवलं. माझ्या जागेच्या वरच्या कडेला, घर आणि पांढरी यांच्या मधोमध, आडवा चर खणायचा. तो मुरुमाच्याही खाली न्यायचा, त्यात दगडगोटे भरायचे आणि एक टोक ओढ्याकडे काढून द्यायचं. वरून येणारं पाणी जोत्याखाली शिरायच्या आधीच चरात पडेल आणि बाजूने निघून जाईल. वडार बोलावले. त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून मी माझा सांगितला. माझा ऐकून ते हसले, आणि पहारी गाढवांवर लादून चालायला लागले. मीही बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः कुदळ घेतली.

कार्तिकापासून खणत होतो. मुरूम वर भुसभुशीत आणि खाली दगडासारखा. बाजाराचे दिवस सोडले तर मी त्या चरातच असायचो. खाली उभा राहिलो की वाटेवरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. पाय थांबायचे, थोडं बघायचे, पुढे जायचे. बोलायला कुणी थांबत नव्हतं. दिवस दिवस माझ्या तोंडातून शब्द निघत नसे, आणि मग बाजारात पहिला भाव बोलताना आवाज घोगरा यायचा.

चैत्रात गावदेवाची जत्रा असते. मला कुणीतरी सांगितलं, तुझी बायको आईबरोबर जत्रेला आली आहे. ती वर जुन्या घरी उतरली होती. माझ्या घरी नाही, भावाच्या घरी. मी त्या दिवशी देवाला गेलो नाही. वर हलग्या वाजत होत्या, आणि मी खाली कुदळ मारत होतो. एकदा कंबर सरळ करायला उभा राहिलो तर पांढरीच्या कडेला माझा भाऊ उभा दिसला. त्याच्या खांद्यावर एक लहान मूल होतं. झबलं पिवळं होतं. मूल त्याचा फेटा ओढत होतं, आणि तो ओढू देत होता.

दुपारी बायको खाली आली. पिवळ्या झबल्यातली मुलगी कडेवर होती. ती चराच्या काठावर बसली.

"लई खोल काढला की."

"काढावा लागतो. तू वर कावून उतरलीस?"

"मंग कुठं उतरू? लेकरू कुठं निजवू?"

मी हात पुसून मुलीकडे केले. माझं सगळं अंग मुरुमाच्या धुळीने भरलं होतं, भुवया पांढऱ्या झाल्या असतील. मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली.

"नवं माणूस बघितलं की रडती," बायको म्हणाली.

मी म्हणालो, "आसू दे."

ती बराच वेळ बसली. मी पुन्हा कुदळ घेतली. जाताना म्हणाली, "औंदा कोरडं व्हतंय का बघा. आबा म्हणत्यात, औंदाच्या पल्याड मी पुन्यांदा बघायला न्हाई जायचो. म्हातारे झालेत." म्हणजे हा पावसाळा शेवटचा होता. यानंतर घोंगडं अंथरायला कोणी येणार नव्हतं, आणि बायको आणायला जायचं तोंड मला उरणार नव्हतं.

ज्येष्ठात चर पुरा झाला. गोटे मी ओढ्यातून वाहून आणले. आषाढ गेला, श्रावण गेला. भादव्यात झड लागली तेव्हा मी बाजार बुडवून घरी बसलो. रोज जातं बाजूला सारायचो, भुईला हात लावायचो. कोरडी. कोपरे कोरडे, भिंतींचे बुंधे कोरडे. मी सांगावा धाडला. सासरे काठी टेकत आले, निजले, सकाळी घोंगडं उलटं केलं, गालाला लावलं आणि पुन्हा लावलं. मग पहिल्यांदाच ते माझ्या घरात हसले. "आता मेंढरंबी बसतील," म्हणाले. घटस्थापनेच्या आत त्यांनी बायकोला आणि मुलीला आणून सोडलं. बोलल्याप्रमाणे.

त्या संध्याकाळी मी बायकोला चर दाखवला. कुठे मुरूम कठीण लागला, कुठे पहारीचं टोक मोडलं, सगळं सांगितलं. दोन पावसाळ्यांत मी एवढं बोललो नव्हतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मुलीच्या तोंडात घास देता देता म्हणाली, "चर चांगला झाला. अन् पेवबी बुजवलंय आता, म्हंजी काळजी न्हाई."

"कुणी बुजवलं?"

"भाऊजींनी. चैतातच. तुमाला ठावं न्हाई?"

"कुणी सांगितलं त्याला?"

"मी." ती घास कालवत राहिली. "म्हंजी त्यांच्याशी कशी बोलीन मी? मी जाऊबाईला म्हणलं, माजं लेकरू बापाच्या घरी निजत न्हाई वो. भाऊजी ओसरीवर ऐकत व्हते."

"मंग? काय म्हणला त्यो? काय मागितलं?"

"काय बी न्हाई. टोपलं उचललं अन् माती टाकाय लागले."

मी जेवण सोडून उठलो आणि बाहेर गेलो. तिला वाटलं मी चिडलो. चिडलोच होतो. माझ्याकडे तो माझा शब्द मागत होता आणि तिच्याकडे त्याने काहीच मागितलं नाही. मग माझ्याशी केला तो काय भाव होता? आणि माझ्या दारात येऊन बुजवलं असं सांगायला त्याचं काय जात होतं? मी ज्येष्ठापर्यंत कुदळ मारत होतो. वरून त्याला तो आवाज रोज ऐकू जात असणार.

घर कोरडं कशाने झालं, हे त्यानंतर मला कुणीही विचारलं तर मी चर दाखवतो. आजही दाखवेन. पेवात माती टाकली म्हणून मुरुमातलं पाणी एका वर्षात आटत नाही, हे खणणाऱ्या कुणालाही विचारा. बायको म्हणायची, दोन्हींनी झालं असंल. ती दोन्ही घरांत वावरायची. शेवया करायला वर, पापड लाटायला वर, मुलगी तर निम्मा दिवस वरच. मी कधी तिला अडवलं नाही. दुपारी बाजारातून परतलो की घर रिकामं असायचं, भुई कोरडी, चूल झाकलेली, आणि वरून मुलीचं हसणं ऐकू यायचं. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर आहे.

पुढच्याच भादव्यातली गोष्ट. मोठा पाऊस होऊन गेला होता. मी चराच्या तोंडाशी, ओढ्याकडच्या बाजूला उभा होतो. गोट्यांमधून बोटभर धार चालली होती, स्वच्छ. वरून मेंढरं उतरली, मागून भाऊ. त्याला ओढा ओलांडायचा होता आणि वाट माझ्या बाजूनेच होती. मेंढरं माझ्या पायांना घासत गेली. तो येऊन थांबला. काठी टेकून वाकला, धारेत हात धरला, पेवाचा वास येतो का बघावं तशी ओंजळ नाकाशी नेली आणि सोडून दिली.

"वाहतंय की," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून.

 मी कशाला बोलू? त्याने बोलायचं होतं ते वाटणीच्या दिवशी, पावसाळ्याच्या आधी, जागा माझ्या नावावर करताना. तेव्हा तो दोन शब्द बोलला असता तर मी घर दहा हात पलीकडे बांधलं असतं आणि माझी मुलगी पहिल्यांदा माझ्याकडे बघून रडली नसती. तो अजून थोडा वेळ उभा राहिला. मेंढरं पलीकडच्या काठाला चढून विखरायला लागली होती. मग त्याने जिभेने टक् असा आवाज केला, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि ओढ्यात उतरला. मी तो पलीकडे जाईपर्यंत बघत होतो.